खाणी थांबल्या तेव्हा धूर थांबला का? आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांविषयी एक शंका

फोंड्याची_शिक्षिका

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात बारावीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात आर्थिक वृद्धी आणि पर्यावरण हा भाग शिकवताना मी फळ्यावर नेहमीची टेकडीच्या आकाराची वक्ररेषा काढली. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न आणि उभ्या अक्षावर प्रदूषण घेतले, की देश गरीब असताना रेषा खाली असते, कारखानदारी वाढू लागली की ती चढते, आणि उत्पन्न एका टप्प्यापलीकडे गेल्यावर लोकांना स्वच्छ हवा हवीशी वाटू लागते व रेषा उतरणीला लागते. मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली. तास संपत आला असताना उसगावकडून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या वडिलांचे दोन ट्रक लोहखनिजाच्या वाहतुकीला होते. त्याने विचारले, “टीचर, खाणी बंद पडल्या तेव्हा आमचे ट्रक दारात उभे राहिले, म्हणजे उत्पन्न खाली आले. मग गोव्याचा कार्बनही खाली आला असेल ना? तसे असेल तर या रेषेवर आम्ही पुढे गेलो की मागे?”

मी त्याला “पुढच्या तासाला सांगते” असे म्हटले. त्यानंतर दोन तास होऊन गेले आणि मी अजून काहीही सांगितलेले नाही.

माझा गुंता असा आहे. ही टेकडी कार्बन डायऑक्साइडला लागू पडते, की ती केवळ धूळ आणि धूर यांच्यापुरती खरी आहे, हे मला ठामपणे सांगता येत नाही. भारताने २०२२ साली आपले उद्दिष्ट सुधारून, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ‘उत्सर्जन तीव्रता’ ४५ टक्क्यांनी कमी करू असे जाहीर केले. वर्गातील निम्म्या मुलांनी त्याचा अर्थ उत्सर्जनच ४५ टक्क्यांनी घटणार असा घेतला आणि मला त्यांना दोन वाक्यांत समजावता आले नाही. शिवाय गोवा हे दरडोई उत्पन्नात देशात अगदी वरच्या रांगेत बसणारे राज्य आहे. आमोण्याची कच्च्या लोखंडाची भट्टी आणि काही कारखाने सोडले तर आपल्याकडे मोठाल्या चिमण्या दिसत नाहीत, कोळशावर चालणारे मोठे सार्वजनिक वीजकेंद्र नाही. तेव्हा गोवा टेकडी ओलांडून पलीकडे उतरला आहे, असे मुलांना सांगावे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस_पणजी

टीचर, आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न वरकरणी वाढीचा वाटतो, पण मुळात तो जमाखर्चाचा आहे, आणि मी आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासण्याचेच काम केल्यामुळे मला त्यात तोंड घालण्याचा मोह आवरत नाही.

आधी तीव्रतेचे पाहू. योइची काया या जपानी ऊर्जातज्ज्ञाने मांडलेले एक समीकरण आहे. (नाव ऐकून मुले हसतील, हसू द्यावीत, त्यामुळे ते लक्षात राहील.) एखाद्या देशाचे कार्बन उत्सर्जन म्हणजे त्याची लोकसंख्या, गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले दर रुपयाच्या उत्पन्नामागे खर्च होणारी ऊर्जा, गुणिले त्या ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा कार्बन. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार केला की अर्थव्यवस्थेचा आकार मिळतो. शेवटच्या दोहोंचा गुणाकार केला की दर रुपयामागचा कार्बन मिळतो, आणि त्यालाच सरकारी भाषेत उत्सर्जन तीव्रता म्हणतात. भारताने जे ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन दिले आहे ते या शेवटच्या दोन आकड्यांपुरते आहे. पहिल्या दोन आकड्यांना त्यात कोणीही हात लावलेला नाही.

हे फळ्यावर असे मांडावे. समजा, २००५ पासून अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी ६ टक्क्यांनी वाढत गेली. चक्रवाढीने २५ वर्षांत ती सुमारे ४.३ पट होते. तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली, म्हणजे जिथे रुपयामागे १०० होते तिथे ५५ उरले. आता ४.३ ला ०.५५ ने गुणले तर उत्तर २.४ च्या जवळ येते. वचन तंतोतंत पाळूनही एकूण उत्सर्जन दुपटीहून अधिक झालेले असते. वर्षाच्या हिशेबाने सांगायचे तर तीव्रता दरवर्षी साधारण २.४ टक्क्यांनी खाली येते आणि अर्थव्यवस्था ६ टक्क्यांनी वर जाते; शर्यत कोण जिंकणार हे बारावीच्या मुलांना सांगावे लागू नये.

मी हे फसवणूक म्हणून सांगत नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात ही तीव्रता ३६ टक्क्यांनी खाली आली, आणि ती कमाई खरीच आहे. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन निघतो. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे आणि अमेरिकेची सुमारे १४ टन. ज्याच्या ताटात दोनच पोळ्या आहेत त्याला निम्म्या कर म्हणणे हा न्याय नव्हे. परंतु ‘वाढ होते आहे, तिच्यामागचा कार्बन मात्र सावकाश वाढतो आहे’ या स्थितीला सापेक्ष फारकत म्हणतात, आणि ‘वाढ होते आहे, कार्बन मात्र प्रत्यक्षात घटतो आहे’ या स्थितीला निरपेक्ष फारकत. भारत आज पहिल्या स्थितीत आहे. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा हवेतून काढून घेण्याचे) जे वचन दिले गेले, ते पाळायचे तर कधीतरी दुसऱ्या स्थितीत यावेच लागेल.

आता टेकडीविषयी. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली ही कल्पना उत्पन्नातील विषमतेसंदर्भात मांडली होती; प्रदूषणाचा त्यात संबंध नव्हता. १९९१ साली ग्रोसमन आणि क्रुगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतील शहरांच्या हवेची आकडेवारी पाहिली, तेव्हा सल्फर डायऑक्साइड आणि धुराच्या बाबतीत त्यांना तसाच आकार दिसला, आणि पुढे कुझनेट्स यांचे नाव त्या रेषेला चिकटले. सल्फरच्या बाबतीत हे का घडते, ते उघड आहे: घसा खवखवतो, लोक ओरडतात, नगरसेवकाला मते गमवावी लागतात, चिमणीवर गाळणी बसते. गाळणीचा खर्च परवडतो आणि फायदा त्याच गावाला मिळतो. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आपण सोडलेला एक टन आपल्याच छपरावर पडत नाही. तो साऱ्या जगात मिसळतो आणि शतकानुशतके राहतो. त्यामुळे माणूस श्रीमंत झाला म्हणून आपोआप त्याविरुद्ध ओरडू लागत नाही. आपल्याकडेच पाहा. खाणींच्या लाल धुळीविरुद्ध किती आंदोलने झाली! वातानुकूलन यंत्राविरुद्ध मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही.

म्हणून टेकडी फळ्यावर ठेवावी, पण तिच्याखाली ‘धूळ, धूर, सल्फर’ असे लिहावे. कार्बनसाठी रेषा खाली वळते ती धोरणाने आणि इंधन बदलल्याने वळते. नुसत्या श्रीमंतीने वळल्याचे दाखवणे कठीण आहे.

वास्कोचा_जहाजी

हिशेबनीसबाब, आपण गणित उत्तम मांडले, पण त्या मुलाच्या ट्रकांचे काय झाले, ते राहून गेले. मी बरीच वर्षे जहाजांवर काढली आणि आता घरी बसून तीच जहाजे पाहतो, म्हणून या बाजूने थोडे लिहितो.

गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे. आपल्या देशातील भट्ट्यांना ते फारसे नको असायचे, त्यामुळे जवळपास सगळे बाहेर जायचे. आधी जपान मोठे गिऱ्हाईक होते, मग २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनने एवढी खरेदी केली की टाकून दिलेल्या हलक्या खनिजाच्या ढिगांनाही (डंपांनाही) भाव आला. ट्रक, मग नदीतून माल नेणारी सपाट तळाची बार्ज, मग बंदरात उभे असलेले जहाज, असा तो प्रवास होता. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवून १६ मार्चपासून काम थांबवण्याचा आदेश झाला. मांडवीत आणि जुवारीत गंजत पडलेल्या बार्ज आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता त्या मुलाचा प्रश्न. लोहखनिज म्हणजे निसर्गाने गंजवून ठेवलेले लोखंड. त्यातील ऑक्सिजन काढून घेण्यासाठी भट्टीत कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, घालावा लागतो. कोळशातील कार्बन तो ऑक्सिजन पळवतो आणि चिमणीतून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. या पद्धतीने एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. गोव्यातून जे जहाज भरून जायचे त्याचा हा सारा धूर चीनच्या वहीत लिहिला जायचा. आपल्या वहीत लिहिला जायचा तो खाणीवरच्या यंत्रांचा, ट्रकांचा आणि बार्जचा डिझेल. जहाजाने समुद्रात जाळलेले तेल तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत; आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने यांचे इंधन वेगळ्या रकान्यात नोंदवण्याची पद्धत आहे.

खाणी थांबल्या तेव्हा आपल्या वहीतला डिझेल कमी झाला, यात शंका नाही. परंतु चीनमधली भट्टी थांबली का? तिने ऑस्ट्रेलियाचे आणि ब्राझीलचे खनिज घेतले. जगाच्या दृष्टीने पाहिले तर उसगावच्या घरातले उत्पन्न गेले आणि हवेत जाणारा कार्बन जवळजवळ होता तेवढाच राहिला. मुलाला सांगा की तो रेषेवर पुढेही गेला नाही आणि मागेही गेला नाही. त्याला रेषेवरून खाली उतरवले गेले. (खाणी बंद होण्याची कारणे वेगळी होती, बेकायदा उत्खनन हे त्यातील मुख्य, त्या वादात मी येथे शिरत नाही.)

उलट दिशेची वाहतूकही मुलांना दाखवावी. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि रेल्वेने ब्रागांझा घाट चढून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. पूर्वी होस्पेट-बळ्ळारीकडचे खनिज याच रुळांवरून खाली यायचे. कुळ्याच्या स्थानकावर उभे राहिले तर घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडताना दिसतात. तो कोळसा जळतो कर्नाटकात, पोलाद कदाचित पुण्याच्या मोटारीत जाते, आणि मोटार पणजीत विकली जाते. कार्बन कोणाचा? वही कोणाची, यावर उत्तर ठरते.

कुळागरवाला

मी वर दिलेल्या दोन्ही उत्तरांशी पूर्णपणे सहमत नाही. आपण सगळे वहीच्या रकान्यांत अडकलो आहोत आणि मूळ गोष्ट बाजूला राहते आहे, ती म्हणजे आपण अधिकाधिक वापरतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील ४५ टक्के कुटुंबांकडे चारचाकी असल्याचे आढळले. देशात हे प्रमाण सर्वाधिक आहे आणि देशाची सरासरी आठ टक्क्यांच्याही खालीच आहे. आपल्याला चिमण्या नसतील, पण दारात गाडी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. महिन्याला ४० लिटर पेट्रोल भरणारे घर वर्षाला एक टनाहून अधिक सोडते, आणि हा कार्बन चीनच्या वहीत ढकलता येत नाही.

कार्यक्षमता वाढली की वापर कमी होईल, ही आशाही मला भाबडी वाटते. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा खप वाढला, कारण इंजिन परवडू लागल्यामुळे ती जागोजागी बसली. आमच्या घरचाच दाखला देतो. पूर्वी एकच वातानुकूलन यंत्र होते, वडिलांच्या खोलीत, आणि ते बिलाच्या भीतीने रात्री दोन तास चालायचे. मुलाने वीजबचतीचे पाच तारे मिळालेले नवे यंत्र आणले. त्याचे बिल कमी येते असे कळल्यावर दुसरे आले, मग पाहुण्यांच्या खोलीत तिसरे. आज मीटर पूर्वीपेक्षा वेगाने फिरतो. कुळागरात बसले तर माडाच्या आणि पोफळीच्या सावलीत अजूनही पंखा लागत नाही, पण तिथे आता बसतो कोण?

वाढच थोडी आवरली पाहिजे, असे माझे मत आहे.

हिशेबनीस_पणजी

कुळागरवाले, जेव्हन्सचा मुद्दा मान्य आहे आणि तीन यंत्रांची कबुली तर त्याहून मान्य. परंतु वाढ आवरल्याने काय साधते, याचा प्रयोग जगाने अनिच्छेने करून पाहिला आहे. २०२० साली टाळेबंदीत विमाने थांबली, कारखाने थांबले, आपले किनारे रिकामे पडले, हॉटेलांतील मुले गावी परतली. आणि एवढे सगळे सोसून जगाचे उत्सर्जन त्या वर्षी सुमारे ५ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी ते बहुतेक सगळे परत आले, कारण वीजकेंद्रे तीच होती, इंजिने तीच होती. कायांच्या समीकरणातील दुसरा आकडा दाबून धरला, शेवटचे दोन जागच्या जागी राहिले. हात सोडल्याबरोबर सगळे पूर्वीसारखे. ज्यांच्या घरात अजून एकही यंत्र नाही त्यांना तो दुसरा आकडा वाढायला हवा आहे. कुळागर सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आपल्या तीन यंत्रांचा कार्बन किती, हे मात्र ती वीज कुठून येते त्यावर ठरते. गोव्याला वीज मुख्यतः राज्याबाहेरच्या केंद्रांतून मिळते. छत्तीसगडमधील कोरबा हे त्यातील जुने आणि मोठे केंद्र, आणि ते कोळशावर चालते. मोलेच्या अभयारण्यात २०२० साली ज्या तीन प्रकल्पांवरून एवढे रान उठले त्यातील एक वीजवाहिनी तमनार या नावाने ओळखली जाते, आणि तमनार हे गाव छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातले आहे. आपल्या बटणाचे दुसरे टोक तिकडे आहे. भारतीय ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. महिन्याला ३०० युनिट जाळणारे घर वर्षाला अडीच टन सोडते, म्हणजे आपण म्हणता त्या गाडीच्या दुपटीहून जास्त, आणि त्याचा धूर कोरब्यातील माणसाच्या नाकात जातो.

इंग्लंडातून_एक_डिचोलीकर

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे, आणि निरपेक्ष फारकत जिथे झाली असे सांगितले जाते त्या देशात राहत असल्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

१९९० पासून २०२३ पर्यंत ब्रिटनची अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्क्यांनी वाढली आणि देशाच्या हद्दीतील हरितगृह वायूंचे उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आले. हे खरे आहे, आणि यातील सर्वात मोठा वाटा विजेचा आहे. १९९० साली येथील सुमारे दोनतृतीयांश वीज कोळशावर होती; २०१२ सालीही ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते; ३० सप्टेंबर २०२४ रोजी नॉटिंगहॅमजवळचे रॅटक्लिफ हे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. लंडनमध्ये १८८२ साली पहिले केंद्र सुरू झाले होते, म्हणजे १४२ वर्षांनी तो धंदा संपला. नव्वदच्या दशकात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू हाताशी होता म्हणून पहिली घट सोपी गेली. नंतर कार्बनवर किंमत बसवली, समुद्रात पवनचक्क्या उभारल्या, तेव्हा दुसरी घट झाली. कायांच्या समीकरणातील चौथा आकडा येथे प्रत्यक्षात मोडला गेला, आणि तसा तो मोडता येतो, ही गोष्ट कुळागरवाल्यांनी लक्षात घ्यावी.

पण जहाजीबाबांचा मुद्दाही येथे लागू पडतो. पोलाद, कपडे, यंत्रे यांतील बरेच काही आता बाहेरून येते. वापराच्या आधारे हिशेब केला, म्हणजे आयात मालातील कार्बन वापरणाऱ्याच्या खात्यावर टाकला, तर घट दिसते, परंतु ती बरीच कमी दिसते. फारकत खरी आहे, तिचा एक भाग मात्र नुसता पत्ता बदलून गेला आहे. आणि एवढे सगळे होऊनही येथील माणसामागचे उत्सर्जन भारतातील माणसाच्या दुपटीच्या आसपास आहे.

तिसरी गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाणी येथेही बंद पडल्या, आणि त्या हवामानासाठी बंद पडल्या नव्हत्या. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर एकामागून एक खाणींना टाळे लागले. त्या भागांतील काही गावांतून मी गेलो आहे. मुख्य रस्त्यावरील निम्मी दुकाने बंद, आणि बसथांब्यावर बसलेले म्हातारे कोळशाविषयीच बोलत असतात. मला आपल्या गोव्यातील साखळी-पाळीकडच्या खाणपट्ट्याची आठवण झाली. उसगावच्या मुलाने जे विचारले ते त्यांनीही चाळीस वर्षांपूर्वी विचारले असणार. देशाची रेषा उतरली, त्यांचे घर तिच्यासोबत उतरले.

वास्कोचा_जहाजी

हद्द आणि वापर यांतील हा फरक आता कागदावरच राहिलेला नाही, हे येथे नोंदवतो. युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर त्यातील कार्बननुसार शुल्क लावण्याची व्यवस्था आणली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती, २०२६ च्या जानेवारीपासूनच्या आयातीवर मात्र पैसे मोजावे लागतात. भारतातील पोलाद बहुतांशी कोळशावर होत असल्यामुळे त्याची झळ येथील निर्यातदारांना बसणार. याला न्याय म्हणावे की श्रीमंतांनी शिडी चढून झाल्यावर ती ओढून घेणे म्हणावे, यावर आमच्या चहाच्या दुकानात दोन तट आहेत.

फोंड्याची_शिक्षिका

सर्वांचे आभार. काल मी तास घेतला. टेकडी पुन्हा काढली आणि हिशेबनीसबाबांनी सांगितल्याप्रमाणे तिच्याखाली ‘धूळ, धूर, सल्फर’ असे लिहिले, शेजारी ४.३ गुणिले ०.५५ मांडले. गुणाकाराचे उत्तर एकापेक्षा मोठे आले तेव्हा वर्गात जी कुजबुज झाली, ती माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानाने कधी झाली नव्हती.

नंतर मुलांना घरचे विजेचे बिल आणायला सांगितले होते, त्यावरील युनिटना ०.७ ने गुणले. सर्वात मोठा आकडा किनारपट्टीकडे नातेवाइकांचे अतिथीगृह असलेल्या मुलीचा निघाला आणि तिने लगेच हरकत घेतली की त्यातील बहुतेक वीज दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी वापरली आहे, ती आमच्या नावावर का? मी तिला विचारले, की पाहुण्यांनी दिलेले पैसे कोणाच्या नावावर आहेत? वर्ग हसला, परंतु तिची हरकत अगदीच चुकीची नव्हती. वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येणाऱ्या राज्यात पंधरा लाख रहिवाशांनी भागून काढलेला कोणताही दरडोई आकडा जपूनच वापरावा, असे मी त्यांना सांगितले. पाहुणे दाबोळीवर किंवा मोपावर उतरण्याआधी विमानाने जे जाळले, ते तर बिलात येतच नाही. दिल्लीहून येणाऱ्या माणसामागे एका बाजूचा साधारण शंभर ते दीडशे किलो कार्बन होतो, हे एका मुलाने काढून दाखवले.

उसगावच्या विद्यार्थ्याला मी जहाजीबाबांचे उत्तर जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगितले. ‘रेषेवरून खाली उतरवले गेले’ हे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की वडिलांनी एक ट्रक विकला, आणि दुसरा आता उत्तर गोव्यात बांधकामांसाठी खडी आणि सिमेंट वाहतो. रोजचे अंतर पूर्वीपेक्षा जास्तच आहे. “मग टीचर, तो कार्बन आता कोणाच्या वहीत?” मी त्याला पुन्हा पुढच्या तासाचा वायदा केला आहे.

हिशेबनीस_पणजी

डिझेल गोव्याच्या वहीत. सिमेंटसाठी चुनखडक ज्या राज्यात भाजला गेला, त्याचा कार्बन त्या राज्याच्या वहीत. तो निम्म्याहून अधिक खडकातूनच निघतो, त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी संपत नाही, हेही त्याला सांगावे. आणि ज्या घरासाठी ते सिमेंट गेले त्याचा मालक जर वर्षातून दोनदाच येणारा मुंबईचा माणूस असेल, तर वापराच्या हिशेबाने तो कार्बन मुंबईच्या वहीत. मुलाने वडिलांकडून महिन्याभराच्या डिझेलच्या पावत्या आणल्या, तर लिटरला २.७ किलो धरून पहिला आकडा वर्गातच काढता येईल.